एक थेंब रक्त आणि नव्व्याण्णव टक्के

नोव्हेंबर २०१९ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने घोषित केले की, रक्ताच्या एका थेंबावरून तेरा प्रकारचे कर्करोग दोन तासांत आणि ९९ टक्के अचूकतेने ओळखता येतील. खर्च वीस हजार येनच्या आत. घोषणेमागचे विज्ञान अस्सल आहे. जनुकांच्या कार्याला आवर घालणारे मायक्रो-आरएनए १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत सापडले. त्याबद्दल अँब्रोस व रुवकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. हे रेणू रक्तात टिकतात व कर्करोगाची खूण देऊ शकतात, हे २००८ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी दाखविले. जपानमध्येही या शोधकार्यासाठी सरकारी निधी खर्ची पडला आहे.

परंतु ९९ टक्के म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. वरवर निरोगी दिसणारी एक लाख माणसे तपासली आणि त्यांत पाचशे कर्करोगी आहेत असे धरले, तर चाचणी ४९५ जणांना हुडकील. उरलेल्या ९९,५०० निरोग्यांपैकी ९९५ जणांनाही ती रोगी ठरवील! म्हणजे भयभीत झालेल्या दर तिघांत दोघे धडधाकट. त्यांची स्कॅन, बायोप्सी, बुडालेली मजुरी आणि त्यापायी काढलेले कर्ज कोणत्याच जाहिरातीत येत नाही. शिवाय रक्त घेताना वा नेताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील मायक्रो-आरएनए मिसळून मोजणीच बिघडते. प्रयोगशाळेतील अचूकता तालुक्याच्या दवाखान्यात तशीच उतरेल, असे गृहीत धरता येत नाही.

उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील अनुभव येथे आठवावा. सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवरील त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकवार तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठी सुमारे ३१ हजार स्त्रियांना तपासणीविना ठेवले, यावर झालेली टीका रास्तच होती. तथापि सदोष आढळलेल्या स्त्रीला पुढील तपासणी व उपचार मिळतील, अशी व्यवस्था तेथे आधीच उभी केली होती. निदानाला अर्थ आला तो त्यामुळे.

मायक्रो-आरएनएची चाचणी महाराष्ट्रात आणू पाहणाऱ्याने, मग ते शासन असो वा खासगी प्रयोगशाळा, त्या ९९५ जणांच्या पुढील तपासण्यांचा खर्च कोण सोसणार, हे आधी लेखी सांगावे.