विश्लेषण : थंड, अंधाऱ्या समुद्रात प्रवाळ सांगाडा कसा उभारतात?

प्रवाळ म्हटले की उबदार, उथळ समुद्र आठवतो. मात्र नॉर्वेजवळ ३०० ते ४०० मीटर खोलीवर सुमारे ३५ किलोमीटर लांबीची रॉस्ट प्रवाळभित्ती आहे. ती २००२ मध्ये सापडली. लोफेलिया हे तिथले मुख्य प्रवाळ.

सांगाडा कसा तयार होतो?

उथळ पाण्यातील प्रवाळांना त्यांच्या शरीरातील शैवाल अन्न पुरवते. खोल अंधारात ती सोय नाही. लोफेलिया प्रवाहासोबत येणारे सूक्ष्मजीव पकडून खाते. त्यातून मिळालेली ऊर्जा बांधकामालाही लागते. प्रवाळाची ऊती आणि सांगाडा यांच्यामधील पातळ फटीत द्रव असतो. पेशी त्यातील हायड्रोजन आयन बाहेर टाकतात. आम्लता घटते आणि कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजेच अरॅगोनाइटचे स्फटिक जमू लागतात. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर.

धोका कशाचा?

समुद्र हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि कार्बोनेट कमी होते. प्रयोगांत जिवंत लोफेलिया अशा पाण्यातही वाढलेली दिसली. मृत सांगाड्यावर मात्र ऊतीचे कवच नसते. तो विरघळतो, हाडांसारखा सच्छिद्र व ठिसूळ होतो. भित्तीचा पाया याच मृत सांगाड्यांचा आहे. तो ढासळला, तर वरचे जिवंत प्रवाळ आणि माशांचा आसराही जाईल.

उपाय काय?

रॉस्ट भित्तीवर तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांना २००३ पासून बंदी आहे. पण आम्लता बंदीने अडत नाही. त्यासाठी कार्बन उत्सर्जनच घटवावे लागेल.