फाशीची मागणी आपल्या तोंडी शोभत नाही



आपल्या वस्तीतील माणसाचा खून होतो, आपल्या लेकीबाळींची अब्रू लुटली जाते, तेव्हा दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोर्चाच्या निवेदनातील पहिली ओळ ठरलेली असते : आरोपींना फाशी द्या! ती ओळ लिहिणाऱ्या हातांचा संताप मला समजतो. किंबहुना तो संताप ज्याला येत नाही, त्याच्या माणुसकीविषयीच मला शंका वाटेल. परंतु फौजदारी खटले चालविणारा वकील या नात्याने मी आपणांस स्पष्ट सांगतो की, ही मागणी आपण टाकून दिली पाहिजे. नुसती टाकून भागणार नाही. फाशीची शिक्षा कायद्याच्या पुस्तकातूनच काढून टाका, असे म्हणणाऱ्यांत आपण सर्वांच्या पुढे असले पाहिजे.

हे मत माझ्या पदरचे नाही. फाशीची शिक्षा झालेल्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा काय, असा प्रश्न ३ जून १९४९ रोजी घटना समितीत चर्चेला आला होता. असा अधिकार देत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल, असा बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय होता. लोक अहिंसा आचरीत नसले तरी नैतिक आज्ञा म्हणून ती मानतात, तेव्हा या देशाने ही शिक्षा ठेवू नये हेच योग्य, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी नागपूरच्या दीक्षेला सात वर्षे अवकाश होता. आपण तर दीक्षा घेतलेली माणसे! विहारात पहिले शील ग्रहण करावयाचे आणि बाहेर येऊन दोर मागावयाचा, हे कसे?

अंगुलीमालाची कथा मी येथे मुद्दाम सांगत नाही. ती आपणांस ठाऊक आहे, आणि कथेने न्यायाधीशाचे मत फिरल्याचे मी पाहिलेले नाही. पुराव्याचे बोलू.

नाशिक जिल्ह्यात २००३ साली शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, बलात्कार झाला. गुन्हा अमानुष होता, यात वाद नाही. पोलिसांनी भटक्या जमातींतील सहा मजूर पकडले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभे केले. पुढे निष्पन्न झाले की, सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले! हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच कोणी केला नव्हता. हे सहाजण समाजाच्या अगदी तळातील, भटके मजूर. तेव्हा त्यांना खोटे गोवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाला नमूद करावे लागले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. मध्यंतरी कोणी तत्परतेने दोर ओढला असता, तर ते पाच लाख कोणाच्या हातावर ठेवावयाचे होते?

ही एक अपवादात्मक चूक, असे कोणी म्हणेल. त्याला मी कायद्याचेच पुस्तक उघडून दाखवीन. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम ३, पोटकलम २ चा पहिलाच खंड वाचा. अनुसूचित जाती-जमातींबाहेरील एखाद्याने त्यांच्यातील माणसाविरुद्ध देहदंडाच्या गुन्ह्यात खोटा पुरावा दिला आणि त्यापायी तो निर्दोष माणूस फासावर गेला, तर पुरावा देणाऱ्यास मृत्युदंड, असे तेथे लिहिले आहे. वाचकहो, याचा अर्थ काय? आपल्यातील निरपराध माणूस खोट्या साक्षीवर फाशी जाऊ शकतो, हे संसदेनेच लिहून ठेवले आहे. आणि त्यावर तिला सुचलेला उपाय म्हणजे आणखी एक फाशी!

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडण सांगितले आहे, इतर वर्णांना मात्र प्राणदंड. आज कायद्यासमोर सर्व समान आहेत. मुंडणाची जागा निष्णात वकिलाच्या फीने घेतली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांविषयी अहवाल काढला. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिक दृष्ट्या दुर्बल आढळले.

बिहारकडे पाहा. गया जिल्ह्यातील बारा गावी १९९२ साली उच्चवर्णीयांचे हत्याकांड झाले. त्या खटल्यात चौघांना टाडाखाली फाशी झाली. त्यांतील बहुतेक दलित. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींतही २००२ साली मतभेद पडला, तरी फाशी कायम राहिली; २०१७ साली राष्ट्रपतींनी ती रद्द करून जन्मठेप देईपर्यंत ते दोराच्या छायेत जगले. लक्ष्मणपूर बाथे येथे १९९७ साली ५८ दलित-मागास स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. खालच्या न्यायालयाने २०१० साली १६ जणांना फाशी व १० जणांना जन्मठेप दिली. पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ साली सर्वच्या सर्व २६ सोडून दिले. मेलेल्यांचे दुःख दोन्ही गावी सारखेच होते. कायद्याची तत्परता मात्र सारखी नव्हती.

विधी आयोगाने १९६७ साली फाशी ठेवा म्हटले, २०१५ साली काढा म्हटले. पण दहशतवाद व युद्ध पुकारणे यांचा अपवाद ठेवला. टाडा हा दहशतवादाविरुद्धचाच कायदा होता, हे बारा गावचा खटला विसरणाऱ्यांनीच विसरावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने कलमांचे आकडे बदलले, दोर तोच ठेवला.

"मग खैरलांजीचे काय?" हा प्रश्न आपण विचारणार, आणि तो विचारलाच पाहिजे. २००६ सालच्या त्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली. पेढे वाटावेत असा निकाल! परंतु त्याच निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायदा येथे लागू होत नाही असे ठरविले, आणि २०१० साली फाशीऐवजी २५ वर्षांची कैद देताना उच्च न्यायालयानेही तेच धरून ठेवले. म्हणजे दोर दिला, जात नाकारली. आपले लक्ष दोराकडे लागले होते. खरा पराभव त्या दुसऱ्या वाक्यात होता. आणि धाक म्हणाल, तर तो कोणाला बसला? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ साली आपल्या एका कोवळ्या मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी सुटले. फाशीची तरतूद तेव्हाही कायद्यात होतीच की! गुंडाला दोराचे भय नसते, कारण साक्षीदार आपल्याच गावात, आपल्याच मजुरीवर जगतो हे त्याला माहीत असते.

म्हणून पुढच्या निवेदनातील ती पहिली ओळ खोडा. तिच्या जागी लिहा की, कलम १५-अ प्रमाणे फिर्यादी कुटुंबास व साक्षीदारांस संरक्षण द्या. १९९५ च्या नियमांतील नियम ४ प्रमाणे आमच्या पसंतीचा नामांकित वकील सरकारी खर्चाने द्या. आणि कलम १४ म्हणते त्याप्रमाणे दोषारोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा. निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत द्या, आणि नकलेवर तारखेसह पोच घेतल्यावाचून तेथून उठू नका.