एलईडी बल्ब स्वस्त झाला. आता पारखून घेण्याची जबाबदारी आपली

केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. एकगठ्ठा खरेदीमुळे, २०१४ मध्ये सरकारी कंपनीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये चाळीस रुपयांच्या आत आला. पुढे २०२१ मध्ये ‘ग्राम उजाला’ आली. जुना पिवळा बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी बल्ब देणाऱ्या या योजनेच्या पहिल्या टप्प्यात पवनीच्या शेजारचा नागपूर जिल्हा होता, भंडारा नव्हता.

या बल्बांना तीन वर्षांची वॉरंटी होती आणि खरेदी करणारी यंत्रणाच त्यांची तपासणी करून घेत असे. आता होल्डरमधला बल्ब गेला की नवा बल्ब येतो तो इलेक्ट्रिकच्या दुकानातून किंवा आठवडी बाजारातून. त्यामुळे पारखण्याचे काम ग्राहकावर आले आहे, आणि इथेच बचत हातची निसटते.

आधी हिशेब पाहू. ६० वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दीड युनिटच्या आत भागवतो. असे चार बल्ब बदलले तर महिन्याला सुमारे ३० युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढचे युनिट बरेच महाग पडते. त्यामुळे महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घराचा हा महाग टप्पाच टळतो. मात्र घरात आधीच १५ वॉटचे सीएफएल असतील तर चार बल्बांमागे चार युनिटही वाचत नाहीत. चालू असलेला सीएफएल काढून टाकण्याची घाई नको. तो गेला की तेव्हा बदलावा. त्यात पारा असतो, म्हणून फोडू नये की उकिरड्यावर टाकू नये.

दुकानात आपण वॉट विचारतो. वॉट म्हणजे बल्ब किती वीज खातो. उजेड किती देतो ते ल्युमेन सांगते. ९ वॉटच्या चांगल्या बल्बच्या खोक्यावर ८०० ते ९०० ल्युमेन लिहिलेले असते. ल्युमेनचा आकडाच नसेल तर तो बल्ब परत ठेवावा. एका वॉटमागे जितके ल्युमेन जास्त, तितके ऊर्जा बचतीचे तारे जास्त.

दुसरी खूण म्हणजे ‘आयएस १६१०२’ हे मानक आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो खरा आहे का, हे मोबाइलवर पाहता येते. २०१७ मध्ये चार मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या पाहणीत एलईडी बल्बचे ७६ टक्के ब्रँड सुरक्षा नियमांत बसत नसल्याचे आढळले होते.

एलईडी बल्ब जातो तो बहुधा आतल्या सर्किटमुळे. उष्णता आणि विजेचा अचानक वाढलेला दाब हे त्याचे दोन शत्रू. पूर्व विदर्भात उन्हाळा कडक आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजांचा कडकडाट ठरलेला. म्हणून १४० ते ३०० व्होल्टसारख्या रुंद पट्ट्यात चालणारा बल्ब घ्यावा, बंद काचेच्या दिव्यात साधा बल्ब कोंडू नये आणि गडगडाटात बटण बंद ठेवावे. पावती मात्र जपून ठेवावी. तिच्याविना वॉरंटी कागदावरच राहते.

आता प्रश्न आरोग्याचा. एलईडीने डोळे जातात अशी भीती अनेकांना वाटते. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीला २०१८ मध्ये, नेहमीच्या घरगुती वापरात निरोगी माणसाला थेट अपाय होतो असा पुरावा सापडला नाही. झोपेबाबत मात्र जपायला हवे. निळसर उजेड रात्री डोळ्यांवर पडला की झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन कमी स्रवते. खोक्यावरचा ६५०० केल्विन म्हणजे पांढरा-निळसर उजेड, तर २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर. स्वयंपाकघर आणि मुलांच्या अभ्यासाला पांढरा चालेल; निजायच्या खोलीत पिवळसर बरा. वॉट तेवढेच असतील तर विजेचा खर्चही तेवढाच. पवनीसारख्या विणकामाच्या गावात आणखी एक आकडा उपयोगी: सीआरआय ८० किंवा जास्त असेल तर धाग्याचा रंग खरा दिसतो.

बल्बकडून अपेक्षाही बेताचीच ठेवावी. ९ वॉटचे चार बल्ब मिळून ३६ वॉट घेतात, तर छताचा जुना पंखा एकटाच ७५ वॉटच्या आसपास घेतो आणि उन्हाळ्यात रात्रभर फिरतो. घरातले पिवळे बल्ब निघून गेले असतील, तर पुढची मोठी बचत निम्म्याहून कमी विजेवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यात आहे.