ओढ्याकांठची पट्टी आणि परवानगीचा कागद

आमच्या शाळेच्या पिछाडीस ओढ्याकांठीं एक पडीक पट्टी आहे. राडारोडा व काटेरी झुडपें यांशिवाय तेथें दुसरें कांहीं पाहिल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ही पट्टी पांखरांस व फुलपांखरांस राहण्याजोगी करावी असें आमच्या निसर्गमंडळाच्या मुलांनीं ठरविलें. त्या कामीं जें घडलें त्यावरून आमचें जें मत बनलें, तें पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमची चूक कबूल करितों. एका कचेरींत विचारणा केली असतां, "लावा कीं झाडें, नको कोण म्हणतो?" असें गोड तोंडी उत्तर मिळालें, आणि तेवढ्यावर आम्ही भुललों. मुलांनीं पावसाळ्याच्या आरंभीं उंबर, करंज, कढीनिंब व लिंबू यांचीं रोपें लाविलीं. आपोआप उगवलेली रुई त्यांनीं मुद्दाम राखिली. कारण कडवा जातीच्या फुलपांखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. दिवाळीच्या सुमारास सफाईची मोहीम निघाली. कामगारांच्या लेखीं तें सारें तणच होतें. दोन तासांत पट्टी लख्ख झाली. पांचवीच्या मुली रिकाम्या आळ्यांपाशीं उभ्या राहून रडल्या. आम्ही त्या कामगारांस दोष देत नाहीं. त्यांच्या हातीं हुकूम होता; आमच्या हातीं कागदाचा कपटाही नव्हता.

यानंतर आम्ही रीतसर मार्गास लागलों. जागा कोणाची, हाच प्रश्न सुटावयास तीन महिने लागले. नगरपालिका आपली म्हणून सांगे. मिळकत पत्रिकेवर सरकारचें नांव निघालें. ओढ्याच्या पात्रावर तिसऱ्याच खात्याचा अधिकार. आणि वरून विजेच्या तारा गेलेल्या, त्यांचा धनी चौथा. विकास आराखड्यांत त्या पट्टीवर कांहीं आरक्षण आहे कीं काय, तें निराळेंच पाहावें लागलें.

कितीएक पालक विचारतात, चार झाडांसाठीं एवढा खटाटोप कशाला? आम्हांस मात्र तो रास्त वाटतो. सार्वजनिक जमीन म्हणजे बेवारशी जमीन नव्हे. आज झाडें, उद्यां कुंपण, परवां पाटी, पुढें एखादी खोली, अशा क्रमानें गायरानें कशीं गिळलीं जातात तें कोणत्याही शेतकऱ्यास विचारावें. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं गांवांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें हटविण्याविषयीं राज्यांस बजावलें, तें उगीच नव्हे. तेव्हां अधिकाऱ्यांनीं शाळेकडेही संशयानें पाहिलें, याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. आम्हीं भाडेपट्टा मागितला नाहीं, कुंपण मागितलें नाहीं. फक्त झाडें लावण्याची व राखण्याची मोकळीक मागितली, आणि शाळेच्या नांवाची पाटी लावणार नाहीं असें लिहून दिलें. (पाटीचा मोह सोडणें आमच्यापैकीं कांहीं शिक्षकांस सर्वांत जड गेलें!)

हरकतींनीं योजना सुधारलीच. आरोग्य विभागानें तळ्यास नकार दिला, व तो योग्य होता. सांचलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डांस वाढतात. आतां मातीचीं उथळ भांडीं ठेवून तीं रोज घांसून धुवावयाचीं आहेत. शेजाऱ्यांनीं सापांची भीति बोलून दाखविली, तेव्हां वाटेलगतचें चार हात गवत कापीत राहावें आणि उंच गवत ओढ्याच्या बाजूसच ठेवावें असें ठरलें. मुनियांस बी टिपावयास तेवढें पुरे. तारांखालीं उंबर न लावितां करवंदाच्या जाळ्या लावाव्या, हें तर आम्हांस आधींच सुचावयास हवें होतें.

तथापि आमची एक तक्रार आहेच, आणि ती नकाराची नव्हे, मौनाची आहे. महाराष्ट्रांत दफ्तर दिरंगाईस आळा घालणारा २००५ चा कायदा आहे. त्याप्रमाणें साधारणतः कोणतीही फाईल एका सरकारी नोकराकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहूं नये. आमचा अर्ज एका ठिकाणीं अख्खा पावसाळा पडून राहिला. रोपांचें काम पंचांगावर चालतें. आषाढ गेला कीं परवानगी येऊनही वर्ष वायां जातें. लेखी नकार आला असता तर आम्हीं दुसरी जागा पाहिली असती. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक स्थानिक संस्थेनें जैवविविधता व्यवस्थापन समिति नेमावयाची असते. असे अर्ज प्रथम तिजपुढें जावे व तिनेंच ते त्या त्या खात्याकडे धाडावे, म्हणजे मुलांस चार दारें ठोठवावीं लागणार नाहींत, असें आम्ही सुचवितों. मुंबईंत माहीम येथें जेथें एके काळीं शहराचा कचरा पडे, तेथें उभें राहिलेलें निसर्गउद्यान १९९४ सालीं लोकांस खुलें झालें. कचऱ्याच्या ढिगावर जें साधतें, तें आमच्या ओढ्याकांठीं कां साधूं नये?

आजवर दोन कचेऱ्यांचीं संमतिपत्रें आलीं आहेत. दोन यावयाचीं आहेत. ज्या पालकांपाशीं या पट्टीचे जुने नकाशे अथवा मोजणीचे कागद असतील, त्यांनीं नकला शाळेच्या कार्यालयांत आणून द्याव्या. नवीं उंबराचीं रोपें सध्यां व्हरांड्यांत आहेत, आणि पिशव्या फाडून त्यांचीं मुळें बाहेर येऊं लागलीं आहेत.