अंगणाची माती आणि शेताची माती

१९९८ साली जिल्ह्याचे ठिकाण झाल्यापासून वाशीम शहर वाढतच आहे. काल जेथे कापूस किंवा तूर उभी होती, तेथे आज प्लॉट पडले आहेत. शिक्षक, कारकून आयुष्याची पुंजी घालून घर बांधतात आणि पहिल्याच पावसाळ्यात अंगणात तळे साचून जास्वंद पिवळी पडते. मग ठरलेला उपाय योजिला जातो : एखाद्या शेतातून ट्रॅक्टरभर काळी माती आणून वर ओतायची. प्रस्तुत लेखकानेही हा मूर्खपणा एकदा केला आहे.

आपली काळी जमीन बसाल्ट खडक हजारो वर्षे झिजून तयार झाली. तीत चिकणमाती फार. ओलीने ती फुगते, उन्हाने भेगाळते. ओल धरून ठेवण्याचा हाच गुण शेतात रब्बीचे पीक तारतो. घर बांधताना मात्र तिच्यावरून मालाचे ट्रक फिरतात, सिमेंटचा राडारोडा तीत गाडला जातो आणि ती फरशीसारखी दबते. अशा थरावर फूटभर नवी माती टाकली, तर पाणी जिरणार कोठे? ते सांध्यावरच साचते व मुळे हवेवाचून कुजतात. थोडीशी वाळू मिसळूनही काही साधत नाही. चुना तर नकोच. आपल्या बहुतेक काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच असते. जिप्सम चोपण जमिनीचे औषध आहे, तेही माती तपासल्यावाचून घालू नये.

खरा उपाय कष्टाचा व स्वस्त आहे. उन्हाळ्यात राडारोडा उपसावा, टिकावाने दीड फूट जमीन फोडावी, उताराकडे चर काढावा आणि वीतभर उंच गादीवाफे करावेत. त्यांत शेणखत व कुजलेला पालापाचोळा सढळ हाताने मिसळावा. पहिल्या पावसाळ्यात फुलझाडांचा मोह आवरून ताग पेरावा व फुलावर येताच मातीत गाडावा. ‘वाफसा’ हा शेतकऱ्याचा शब्द सुशिक्षितांनीही शिकण्याजोगा आहे : वाफसा येण्यापूर्वी ओल्या मातीत पाय घालणे म्हणजे केलेले सारे पुन्हा तुडविणे. दोन-तीन वर्षे लागतील, हे मान्य.

पण आपल्याला तेवढा धीर नाही, म्हणून शेतकऱ्याच्या गरजेचा फायदा घेऊन आपण त्याच्या शेताचा वरचा थर विकत घेतो. तो थर त्याच्या नातवाच्या हयातीतही भरून यायचा नाही. आणि त्याच गल्लीत, दर पानगळीला, झाडलेल्या पाल्याचे ढीग आपण काडी लावून जाळीत असतो!