कारीगराच्या दुखण्याची दवंडी

कारखानदार मंडळी एकत्र जमली की बोलणे होते ते सुताच्या भावाचे, विजेच्या बिलाचे आणि कारीगर टिकत नाहीत याचे. कारीगर का टिकत नाही याचे कारण आपण बहुधा मजुरीत शोधतो. मीही तेच करीत असे. परंतु माझ्याकडचा नऊ वर्षांचा जुना कारीगर गेला तो मजुरीसाठी नव्हे. तो गेला आमच्या तोंडामुळे. ‘आमच्या’ असे मुद्दाम लिहितो, कारण त्यात पहिले तोंड माझे होते.

भिवंडीत माझे सोळा लूम होते. दोन पाळ्या, मेहताजी आणि कांडीवाला धरून सात-आठ माणसे. हा कारीगर उत्तर प्रदेशातला. कामाला चोख, खाडा क्वचित. एका पावसाळ्यानंतर त्याला खोकला लागला, संध्याकाळी ताप येऊ लागला, अंग उतरले. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि क्षयरोग निघाला. मेहताजी नमाजला गेले आहेत असे पाहून तो माझ्याकडे आला. दोन आठवडे रजा, नंतर रात्रीऐवजी दिवसाची पाळी आणि सात हजार उचल, एवढेच त्याचे मागणे होते. जाताना म्हणाला, “सेठ, ही गोष्ट तुमच्या-माझ्यातच राहू द्या.” मी म्हटले, “बेफिकीर राहा.”

त्याच संध्याकाळी मी मेहताजींना उचल लिहायला सांगितली. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी सवयीप्रमाणे वहीत नावापुढे लिहिले, ‘टी.बी.च्या इलाजासाठी, रु. ७,०००’. आपली वही कुठे असते हे वाचकांना सांगायला नको. गादीवर उघडी पडलेली असते, आणि पगाराच्या दिवशी प्रत्येक जण आपला हिशेब पाहताना शेजाऱ्याचाही पाहतो. दुसऱ्या दिवशी एक सूतवाले व्यापारी आले. चहा पिताना मी त्यांना म्हणालो, “आमच्या अमुक कारीगरासाठी दुआ करा, बिचाऱ्याला टी.बी. निघालाय.” कांडीवाला तिथेच उभा होता.

आठ दिवसांत सारे कारखान्यांना कळले. वहीतून कळले की माझ्या दुआच्या दरख्वास्तीतून, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढे काय झाले ते ज्यांनी भिस्सी पाहिली आहे त्यांना सहज समजेल. भिस्सीत त्याची थाळी वेगळी झाली. पेल्याला लाल रंगाचा ठिपका लागला. खोलीत एकाच बिछान्यावर दिवसपाळीचा रात्री झोपतो आणि रातपाळीचा दिवसा. त्याच्या जोडीदाराने बिछाना बदलून घेतला. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही. माणसे नुसती सरकून बसू लागली. तिसऱ्या महिन्यात तो न सांगता गावी निघून गेला आणि औषध मध्येच सुटले. क्षयाचे औषध अर्धवट सोडले तर दुखणे उलटते आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. नंतर गावी त्याला बराच लांबचा आणि कडक इलाज घ्यावा लागला, असे त्याच्या भावाकडून कळले.

एवढ्यावरच राहिले असते तर कदाचित मी हा लेख लिहिला नसता. पण दोन वर्षांनी माझीच पाळी आली. छातीत दुखू लागले, नळी घालून तपासणी झाली, स्प्रिंग बसवली. चार दिवसांत मी घरी परत आलो. घरच्यांना सांगितले होते की बाजारात ‘सेठ बाहेरगावी गेले आहेत’ एवढेच सांगा. मी गादीवर बसलो त्याच आठवड्यात एका सूतवाल्यांचा निरोप आला, “सध्या माल रोखीनेच द्यायचा असे ठरवले आहे.” पंचवीस वर्षांची उधारी, एकही हप्ता चुकलेला नाही! चौकशी केली तेव्हा समजले, आमच्याच माणसाने काळजीपोटी कुणाला तरी सांगितले होते, की सेठचे हृदय गेले, आता मुले कारखाना चालवतील की विकतील कोण जाणे. व्यापाऱ्याची पत त्याच्या गल्ल्यावर असते त्याहून जास्त त्याच्या प्रकृतीवर असते, हे त्या दिवशी कळले. आणि भिस्सीतला तो लाल ठिपक्याचा पेला त्याच दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने डोळ्यांपुढे आला.

आपल्या लोकांत अशा वेळी एक उत्तर ठरलेले असते, “खोटे थोडेच सांगितले? जे होते तेच सांगितले.” वास्तविक हे उत्तर आपल्यापैकी कोणीही देता कामा नये. गीबत आणि बोहतान यांतला फरक मदरशातल्या मुलालाही शिकवलेला असतो. नसलेले चिकटवले तर ते बोहतान. असलेले, पण त्या माणसाला बोललेले आवडणार नाही असे पाठीमागे बोलले, तर ती गीबत. म्हणजे गोष्ट खरी असणे हा बचाव नसून तोच तर गुन्हा आहे. दुआची गोष्ट मी स्वतःवरूनच सांगतो. दुआ मागायला नाव लागते, रोगाचे नाव लागत नाही. ‘एक कारीगर आजारी आहे’ एवढे म्हटले असते तरी दुआ पोचली असती. आपण रोगाचे नाव घेतो ते दुआसाठी नव्हे, बातमी सांगण्याच्या चवीसाठी. हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली.

आता एक रास्त प्रश्न. ज्याच्या शेजारी झोपायचे, ज्याच्या ताटात जेवायचे, त्याला क्षय आहे हे जोडीदाराला कळायला नको काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. क्षय हवेतून पसरतो, आणि आपल्या खोल्यांना खिडक्या किती असतात हे आपल्याला माहीत आहे. पण त्याचा मार्ग दवंडी हा नव्हे. क्षयाच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे. ती सरकारी आरोग्य खात्याकडे करायची असते, कारखानदाराकडे नव्हे. रुग्णाच्या सहवासातल्या माणसांची तपासणी करणे हे त्याच खात्याचे काम आहे. कारखानदाराला काही करायचेच असेल तर त्याने कोणाचेही नाव न घेता सर्व कामगारांची तपासणी करवून घ्यावी. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. योग्य औषध नियमित सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत रोग दुसऱ्याला लागण्याचा धोका खूप कमी होतो. माझ्या कारीगराने रजा दोन आठवड्यांचीच मागितली होती. म्हणजे त्याने डॉक्टरांचे नीट ऐकले होते. ऐकले नव्हते ते आम्ही. ताट-पेल्याने तर क्षय पसरतच नाही. तो लाल ठिपका निव्वळ अडाणीपणा होता.

कायद्याचा आधार किती, हेही पाहू. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळल्यामुळे एका सरकारी मंडळाने त्याला काम नाकारले होते. माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि त्याच्यामुळे कामाच्या ठिकाणी इतरांना धोका नसेल, तर केवळ या कारणावरून त्याची रोजी काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आणि तो खटला त्याचे नाव उघड न करता, नुसत्या अक्षरांवर चालवू दिला. मला या निकालातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. न्याय मागायला आलेल्या माणसाला आधी चारचौघांत उभे राहावे लागले असते तर तो आलाच नसता. पुढे २०१७ मध्ये एच.आय.व्ही.बाबत स्वतंत्र कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विश्वासाने कळलेली अशी माहिती त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय उघड करण्यास त्यात बंदी आहे, आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. डॉक्टरांवर रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन तर आधीपासून आहेच.

परंतु खरे बोलायचे तर सोळा लूमच्या कारखान्यात यातले फारसे काही पोचत नाही. आमच्याकडे तक्रार अधिकारी कोण? मेहताजी! आणि बातमी फोडली तीच मेहताजींच्या वहीने. एच.आय.व्ही. सोडला तर क्षय, मधुमेह, फिट, मूळव्याध, मनाचे दुखणे यांबाबत आपल्या एवढ्याशा कारखान्यात कामगाराला हाताशी धरण्यासारखे फार थोडे आहे. म्हणून हे आपल्यालाच आपसात निभवावे लागेल.

ज्याची बातमी फुटली आहे त्या कारीगर बंधूला माझे सांगणे असे. पहिली गोष्ट, औषध सोडू नका. लाज वाटते म्हणून गावी जायचेच असेल तर आधी दवाखान्यात जाऊन सांगा. क्षयाचा सरकारी इलाज एका गावाहून दुसऱ्या गावी बदलून मिळतो, औषध तिथल्या केंद्रात मिळते. आहारासाठी महिना एक हजार रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दुप्पट झाली आहे) थेट बँक खात्यात जमा होतात, त्यासाठी सेठला काही सांगावे लागत नाही. कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील आणि ई.एस.आय. कापला जात असेल तर तिथे जा. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि अटी पुऱ्या होत असतील तर क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्यात दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. ही रक्कम हातात असेल तर उचलीसाठी कोणापुढे दुखणे उघडे करावे लागत नाही. माझ्या मते अर्ध्या बातम्या उचल मागतानाच फुटतात.

दुसरे, ज्याने बातमी फोडली त्याला एकट्याला गाठा. चारचौघांत भांडलात तर ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही कळते. “मी तुम्हाला विश्वासाने सांगितले होते, तुम्ही कोणाकोणाला सांगितले तेवढे मला सांगा,” असे शांतपणे विचारा. नावे कळली म्हणजे कोणाची गैरसमजूत दूर करायची ते ठरवता येते. बाकीचे विचारतील त्यांना एकच वाक्य ठरवून ठेवा, “इलाज चालू आहे, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे.” त्यापुढे खुलासा करण्याचे कोणाचेही देणे तुम्ही लागत नाही. डॉक्टरांकडून कामास योग्य असल्याचा दाखला घ्या. त्यावर रोगाचे नाव नको असेल तर तसे डॉक्टरांना सांगता येते. आणि औषधाची पाकिटे, दवाखान्याचा कागद खोलीत उघड्यावर ठेवू नका. आजकाल मोबाइलवर फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकायला क्षणभरही लागत नाही. एकदा तिथे पडला की तो मागे घेणे कोणाच्याच हातात राहत नाही.

एखादा खोली-जोडीदार खरोखर घाबरलेला असतो, त्याच्यावर मात्र रागावू नये. त्याच्या मनात दुष्टपणा नसतो, घरी लहान मुले असतात. त्याला दवाखान्यात बरोबर घेऊन जावे आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे. अशा दोन जोडीदारांत समेट झालेला मी पाहिला आहे.

कारखानदारांसाठी मी फार सांगत नाही, कारण मला तो अधिकार उरलेला नाही. मी पुढे एवढेच केले. वहीत उचलीपुढे कारण लिहिणे बंद केले, फक्त ‘घरगुती’ किंवा तेही नाही. दवाखान्याचे कागद गादीखाली ठेवण्याऐवजी कुलपाच्या खणात, आणि किल्ली माझ्याकडे. मेहताजींनी विचारले, “सेठ, कारण नको लिहू तर वसुलीच्या वेळी आठवणार कसे?” मी म्हटले, “रक्कम आठवली म्हणजे पुरे.” त्यांना ते पटले नाही. अजूनही पटलेले नाही असे वाटते.

लूम मी नंतर मुलांकडे सोपवले. मध्यंतरी त्या कारीगराला फोन केला. आता तो बरा आहे, गावी किराणा मालाचे लहान दुकान चालवतो. मी माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सेठ, तुमची उचल बाकी आहे, ती देऊन टाकीन.” मी ती सोडून दिल्याचे सांगितले. तो म्हणाला, “मग वहीतून ती ओळ कापून टाका. पैशाची नाही, त्याच्या पुढची.” जुनी वही काढून मी ती ओळ शाईने पूर्ण काळी केली. सात हजारांचा आकडा तेवढा राहू दिला आहे.