गिअर बदलायचा की गाडी?

गाडी चालवणाऱ्यांच्या दोन पार्ट्या असतात. पहिल्या पार्टीला वाटतं, क्लचशिवाय ड्रायव्हिंग म्हणजे मिठाशिवाय आमटी. दुसरीचं म्हणणं, डाव्या पायाला एवढी हमाली कशाला? मी मूळची पहिल्या पार्टीतली. पण पालघर ते तारापूर एमआयडीसी असं रोजचं अप-डाउन सुरू झालं आणि वर्षभरात मी चक्क पक्षांतर केलं. शिफ्ट सुटायच्या वेळेला बोईसरमध्ये अडकून बघा. पुढे कंपनीची बस, मागे टँकर, दोन्ही बाजूंनी रिक्षा आणि मधल्या फटीतून घुसणारी बाइक. क्लच-ब्रेक-क्लच करत पिंडरीला गोळे येतात, बॉस!

म्हणून आम्ही सेकंडहँड ऑटोमॅटिक सेडान घेतली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं : माझे सासरे, नाना. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच त्यांना जमत नाही. ऑटोमॅटिकला डावा पाय आरामात बाजूला ठेवता येतो. सुट्टीच्या दिवशी गाडीची किल्ली त्यांच्याकडे. कधी केळव्याच्या समुद्रावर, कधी उमरोळीच्या मित्राकडे. कुणाला 'सोडता का' विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही.

मग यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गाडी रुसली. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना जोरात धक्का, आणि मनोरहून येताना वाघोबा खिंडीच्या चढाला नुसतं इंजिन ओरडतंय, गाडी ढिम्म. एका गॅरेजमध्ये निदान झालं, "मॅडम, गिअरबॉक्स गेला. नवीन टाकण्यात अर्थ नाही. मॅन्युअल करून टाका, कायमची कटकट मिटेल."

कल्पना ऐकायला सॉलिड वाटते. म्हणून नीट माहिती काढली, आणि ती तुमच्याही कामाची आहे.

आधी एक बेसिक फंडा. 'ऑटोमॅटिक' हे आडनाव आहे, त्या घरात माणसं वेगवेगळी. जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या जोरावर इंजिनची ताकद पुढे पोचवणारा. पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९३९ मध्ये आणला. मग सीव्हीटी, ज्यात ठरावीक गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असतात. मग दोन क्लचवाला डीसीटी. आणि आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर घराघरात पोचलेला एएमटी. यातला एएमटी म्हणजे वेषांतर केलेला मॅन्युअलच. आत गिअरबॉक्स तोच, क्लचही तोच, फक्त दाबायचं आणि गिअर पाडायचं काम एक यंत्र करतं. त्यामुळे एएमटीचं मॅन्युअल करणं त्यातल्या त्यात सोपं.

बाकीच्यांचं मात्र ऑपरेशन मोठं. नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही. ऑटोमॅटिकच्या इंजिनला मागे पातळ फ्लेक्स प्लेट असते. ती काढून जड फ्लायव्हील बसवायचं. त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. आत तीन पेडलांचा सेट, क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, नवा गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल. बऱ्याच गाड्यांत एक्सलची लांबी आणि गिअरबॉक्सचं माउंटिंगही वेगळं. रेडिएटरमधून जाणाऱ्या गिअर ऑइलच्या नळ्या बंद करायच्या.

एवढं झालं की वायरिंगची गंमत सुरू. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्ट होते. तो स्विचच गेला, तर स्टार्टरला परवानगी कोण देणार? रिव्हर्सचा दिवा कोण लावणार? इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला हाका मारत राहतो, उत्तर आलं नाही की मीटरवर पिवळा दिवा. मग अनेकदा मॅन्युअल मॉडेलचा इसीयूच शोधावा लागतो. म्हणून जाणकार सांगतात, सुटे पार्ट जमवू नका. त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच वर्षाची मॅन्युअल गाडी भंगारात बघा आणि सगळं सामान तिच्यातूनच काढा. आपल्याकडून लोक यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतात.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे कलम कडकपणे वाचलं. गिअरबॉक्सचा वेगळा रकाना आरसीवर नसला, तरी मॉडेलच्या नावातच अनेकदा 'एटी' किंवा 'एएमटी' छापलेलं असतं. तेव्हा आधी आरटीओत विचारा, इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, मग पाना हातात घ्या. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने तिसरं पेडल मोजायला नको. लायसन्सची मात्र चिंता नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे हलक्या मोटारीचं लायसन्स दोन्हीला चालतं.

सगळा हिशेब मांडला, तर खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त जात होता. आणि विकायला काढली, तर 'कन्व्हर्ट केलेली' म्हटल्यावर गिऱ्हाईक दोन पावलं मागे.

पण खरा मुद्दा पैशांचा नव्हताच. रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला, तर नाना ताटातून मान वर न करता म्हणाले, "करून टाका मॅन्युअल. मी आता असा कुठे जातो?" आदल्याच रविवारी हा माणूस केळव्याहून ताजे बोंबील घेऊन आला होता! मी म्हटलं, "नाना, तुम्ही काही बोलू नका. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

दुसरा डॉक्टर म्हणजे फक्त ऑटोमॅटिकचं काम करणारा माणूस. त्याने आधी गिअर ऑइल तपासलं. काळपट, जळका वास. मग स्कॅनर लावून एरर कोड वाचले. गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडी असते, तेल कुठे आणि किती जोराने जायचं ते ठरवणारी, आणि तिच्यावर छोटे सोलेनॉइड. त्यातले दोन मान टाकून बसले होते. ते बदलले, व्हॉल्व्ह बॉडी साफ केली, ऑइल आणि फिल्टर नवीन. कन्व्हर्जनच्या बजेटच्या मानाने बिल बरंच कमी. मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं, "वय झालंय, आतल्या क्लच प्लेट कधीतरी जाणारच." आम्हाला मान्य आहे. तेव्हा ही गाडी विकू आणि छोटी एएमटी घेऊ. तिसरं पेडल या घरात येणार नाही.

मग हा उद्योग कुणी करावा? ज्याच्याकडे त्याच मॉडेलची डोनर गाडी आहे, ओळखीचा कसलेला इलेक्ट्रिशियन आहे, आणि गाडी दहा दिवस उभी राहिली तरी ऑफिस अडत नाही, त्याने. किंवा जो हौसेला मोल नाही म्हणतो, त्याने. बाकीच्यांनी क्रम लक्षात ठेवा : आधी ऑइल, मग स्कॅनर, मग दुसरं मत. 'गिअरबॉक्स गेला' हे वाक्य कोड वाचल्याशिवाय कुणी म्हटलं, तर चहा पिऊन उठा.

आणि हिशेब मांडताना कागदावर एक ओळ जास्तीची लिहा. ही गाडी घरात कोण कोण चालवतं, आणि उद्या त्यांच्यातलं कोण चालवू शकणार नाही? आमच्याकडे त्या एका ओळीनेच निकाल लावला.